खोतीविरुद्धची लढाई आणि आपला सातबारा

गरिबी हटवायची म्हणजे गरिबाला काहीतरी वाटायचे, अशी समजूत आपल्याकडे रूढ आहे. वह्यावाटप, छत्रीवाटप हे कार्यक्रम आपल्या संस्थाही करतात आणि ते करू नयेत असे आम्ही म्हणणार नाही. परंतु गरीब कुटुंबाची बाजू सरकारदरबारी मांडणे, त्यासाठी कायदा करवून घेणे आणि त्या कायद्याचा लाभ त्याच्या नावावर चढेपर्यंत पाठपुरावा करणे, हे काम निराळे आहे. त्याचा एक मोठा धडा आपल्याच रत्नागिरी जिल्ह्याने महाराष्ट्राला दिला, तो म्हणजे खोती निर्मूलनाचा लढा. महाडचे चवदार तळे आणि काळाराम मंदिर आपल्या मुलांना तोंडपाठ असते. खोती म्हणजे काय, असे विचारले तर मात्र कॉलेजातला विद्यार्थीही गप्प बसतो. म्हणून हा विषय.

खोत म्हणजे सरकार आणि कूळ यांच्यामधला वतनदार. गावाचा ठरलेला सारा त्याने सरकारात भरायचा आणि कुळांकडून स्वतः वसूल करायचा. भरायचे किती हे ठरलेले. वसूल करायचे किती, यात मात्र त्याचा हात मोकळा. बहुतेक ठिकाणी भातजमिनीतले निम्मे पीक खोताला जाई, त्याला अर्धेल म्हणत. वरकस जमिनीतल्या नाचणी-वरीचा तिसरा हिस्सा जाई, ती तिर्धेल. पीक उभे असतानाच खोताची माणसे शेतावर येऊन अंदाज बांधीत. या अभावणीत जो आकडा निघेल तो कुळाने द्यायचा, मग मळणीला दाणे कमी भरोत की जास्त. यावर वेठ होतीच. आठ दिवसांतला एक दिवस खोताच्या शेतावर फुकट राबायचे, अशी चाल कित्येक गावांत होती. इंग्रज सरकारने १८८० साली खोती सेटलमेंटचा कायदा करून खोतांचे आणि काही जुन्या कुळांचे हक्क लिहून ठेवले. पण ज्याचे नाव कुठेच लिहिलेले नव्हते, त्या कुळाला पुढच्या पावसाळ्यात तीच जमीन मिळेल याची खात्री नव्हती.

आमचे आजोबा असेच कूळ होते. खोताला भात घातले की पावती मिळत नसे, असे ते सांगत. पावती मागणे हाच उर्मटपणा समजला जाई. या पावतीची गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी, ती पुढे कामाला येणार आहे.

बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे हे मंडणगड तालुक्यातले आणि बालपणाची काही वर्षे दापोलीत गेलेली. खोतीचा जाच त्यांना पुस्तकातून कळायची गरज नव्हती. एप्रिल १९२९ मध्ये चिपळूणला झालेल्या जिल्ह्यातील शेतकऱ्यांच्या परिषदेचे ते अध्यक्ष होते. पुढे १९३३ साली शेजारच्या कुलाबा जिल्ह्यात, अलिबागजवळच्या चरी गावी, नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने कुळांनी जमिनी कसायचेच बंद केले. हा संप थोडाथोडका नव्हे, १९३९ पर्यंत चालला. पंचवीस गावांतल्या माणसांनी लाकूडफाटा विकून आणि मोलमजुरी करून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेब १९३४ च्या डिसेंबरात तेथील शेतकऱ्यांच्या परिषदेला गेले होते. येथे एक गोष्ट आवर्जून सांगावीशी वाटते. ही कुळे एका जातीची नव्हती. आगरी, कुणबी, भंडारी, महार असे सगळे त्या जाचाखाली होते आणि लढ्यातही होते. आज आपापल्या ज्ञातिमंडळांच्या स्मरणिका काढणाऱ्या आपण सर्वांनीच हे आठवावे.

१९३६ साली बाबासाहेबांनी स्वतंत्र मजूर पक्ष काढला. १९३७ च्या निवडणुकीनंतर मुंबई विधिमंडळात त्यांच्यासोबत शामराव परुळेकर, अनंतराव चित्रे, सुरबा टिपणीस असे कोकणाची नाडी ओळखणारे सहकारी होते. १७ सप्टेंबर १९३७ रोजी बाबासाहेबांनी खोती पद्धत नष्ट करण्याचे विधेयक मांडले. त्याचा गाभा असा, की मधला खोत काढून सरकार आणि प्रत्यक्ष जमीन कसणारा यांचा थेट संबंध जोडायचा, कसणाऱ्याला जमीन महसूल कायद्याखाली रयतेचे हक्क द्यायचे आणि खोताला वाजवी नुकसानभरपाई द्यायची. या नुकसानभरपाईच्या कलमावर आमच्या ओळखीच्या काही तरुणांनी नाक मुरडलेले आम्ही पाहिले आहे. पिढ्यान्‌पिढ्या लुबाडणाऱ्याला भरपाई कशाला, असा त्यांचा सवाल. आम्हांस मात्र त्यात बाबासाहेबांमधला कायदेपंडित दिसतो. मालमत्ता हिसकावली जात आहे, ही ओरड विरोधकांना करता येऊ नये, अशी तजवीज विधेयकातच करून ठेवलेली.

पण नुसते विधेयक मांडून ते थांबले नाहीत. १० जानेवारी १९३८ रोजी मुंबईत कौन्सिल हॉलवर शेतकऱ्यांचा प्रचंड मोर्चा निघाला. हजारो माणसे ठाणे, कुलाबा, रत्नागिरी अशा जिल्ह्यांतून आली होती आणि समाजवादी व कम्युनिस्ट कार्यकर्तेही त्यात सामील होते. कोकण रेल्वे पूर्ण सुरू झाली ती १९९८ साली. त्या काळी रत्नागिरीहून मुंबई गाठायची तर बोट हाच नेहमीचा मार्ग. भाकरतुकडा बांधून निघालेल्या माणसाला त्या प्रवासाची किंमत केवढी पडली असेल! मोर्चाच्या वतीने बाबासाहेब व इतर पुढारी मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांना भेटले आणि मागण्या समोर ठेवल्या.

विधेयक त्या विधिमंडळात मंजूर झाले नाही. महायुद्ध सुरू झाले, १९३९ मध्ये मंत्रिमंडळानेही राजीनामा दिला. खोती कायद्याने गेली ती स्वातंत्र्यानंतर. मुंबई खोती निर्मूलन कायदा १९४९ साली झाला आणि १५ मे १९५० पासून अमलात आला. म्हणजे विधेयकापासून कायद्यापर्यंत बारा वर्षे. एका अर्जाला आठ दिवसांत उत्तर आले नाही की निराश होणाऱ्या आमच्यासारख्यांनी हा हिशेब अधूनमधून करावा.

आता पावतीच्या गोष्टीकडे वळू. खोती गेली तरी प्रत्येक कूळ त्या दिवशी मालक झाले नाही. ज्यांचे जुने हक्क दप्तरात होते त्यांचा मार्ग सोपा झाला. बाकीच्यांना १९४८ च्या कूळ कायद्याची वाट धरावी लागली. १ एप्रिल १९५७ या कृषक दिनी कसणाऱ्या कुळाला मालक मानण्यात आले, परंतु त्यासाठी तो जमीन कसत होता हे दिसायला हवे होते. पुढे मामलेदारांकडे ३२-ग ची चौकशी, किंमत ठरवणे, ती भरणे आणि मग ३२-म चा दाखला. ज्याच्याजवळ कागद नव्हता, किंवा तारखेच्या दिवशी मुंबईच्या गिरणीतून रजा मिळाली नाही, त्याच्या हातून जमीन निसटली. मोर्चाने मिळवलेला हक्क कागदाअभावी गेला, अशी घरे आपल्या वाड्यांतून शोधायला लांब जावे लागणार नाही.

आमचे आजोबा त्या मानाने सुदैवी. त्यांचे नाव लागले. दुर्दैव पुढच्या पिढीचे. आजोबा १९८६ साली वारले आणि वारसनोंद करायची कोणाच्या मनातही आले नाही. जमीन आपलीच आहे, कोण नेतो! १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली शंभर टक्के अनुदानाची फळबाग योजना आली आणि कोकणातल्या उजाड सड्यांवर आंबा-काजूची कलमे उभी राहिली. वडील अर्ज घेऊन गेले, तर सातबारा मयताच्या नावावर. दोन काका मुंबईला, एकाचा पत्ताही नीट ठाऊक नाही. कचेरीत हेलपाटे झाले, कोणी सरळ बोलले नाही हे खरे; पण मूळ चूक आमच्याच घरची होती. नोंद होईपर्यंत वडिलांची उमेद गेली. शेजारच्या सड्यावरच्या कलमांना आता मोहोर येतो, आमच्याकडे अजून करवंदीची जाळी आहेत.

बँकेच्या काउंटरवर हेच रोज दिसते. पीककर्ज मागायला म्हातारी येते, सातबाऱ्यावर सासऱ्याचे नाव. प्रधानमंत्री किसान सन्मान निधीचे वर्षाला ६,००० रुपये २०१९ पासून लोकांच्या खात्यात येऊ लागले, पण तेही ज्याचे नाव जमिनीच्या नोंदीत त्यालाच. उपाशी कोण आहे हे संगणक पाहत नाही, नाव कोणाचे आहे ते पाहतो.

म्हणून विद्यार्थ्यांनी हे काम शिकून घ्यावे. वारस म्हणून हक्क आल्यापासून तीन महिन्यांत कळवावे असा महसूल कायद्याचा नियम आहे. उशीर झाला तरी अर्ज करता येतो. मृत्यूचा दाखला, सर्व वारसांची नावे-पत्ते आणि प्रतिज्ञापत्र यांसह अर्ज तलाठ्याकडे द्यायचा किंवा ऑनलाइन भरायचा. फेरफार लिहिला जातो, नोटीस निघते, हरकतीसाठी पंधरा दिवस असतात, मग मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. दिलेल्या अर्जाची पोच घेतल्याशिवाय कचेरीची पायरी उतरू नये.

बहिणींची नावे गाळून अर्ज करण्याची खोड आपल्यातही आहे. हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ हा बौद्धांनाही लागू आहे आणि २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाइतकाच हक्क आहे. बहिणीने हक्क सोडायचा तर तो तिच्या राजीखुशीने आणि नोंदणीकृत दस्ताने. गणपती-शिमग्याला माहेरी आली असताना घाईत घेतलेल्या अंगठ्याने नव्हे. पत्नीचे नाव सहधारक म्हणून लावण्याची लक्ष्मी मुक्ती योजना १९९२ पासून आहे, तिचा लाभ घेतलेली घरे आम्हांस फार थोडी ठाऊक आहेत.

ज्यांना अर्ज लिहून हवा असेल त्यांनी सातबारा, आठ-अ आणि मृत्यूचा दाखला घेऊन कोणत्याही रविवारी सकाळी संस्थेच्या कार्यालयात यावे. मुंबई-पुण्यातील भावंडांची पूर्ण नावे आणि आजचे पत्ते घरूनच लिहून आणावेत. बहुतेक अर्ज तेथेच अडतात.