यूमे निक्की: गोष्ट न सांगताच घाबरवणारा जपानी गेम, मोबाईलवर कसा खेळायचा?

हॉरर गेम म्हटलं की काय आठवतं? अंधारं घर, हातात टॉर्च आणि अचानक स्क्रीनवर किंचाळत येणारं भूत. वर फोनही दणकट लागतो, नाहीतर गेम अडकलाच! पण 2004 साली जपानमधल्या एका माणसाने बनवलेला एक फुकट गेम असलं फारसं काही न वापरता आजही अंगावर काटा आणतो. त्याचं नाव यूमे निक्की, म्हणजे ‘स्वप्नांची डायरी’. तो घाबरवतो कसा, फोनवर सुरक्षित कसा खेळायचा आणि भंडाऱ्यात बसून आपल्याला असं काही बनवता येईल का, ते पाहूया.

गेममध्ये नेमकं काय आहे?

मादोत्सुकी नावाची एक मुलगी छोट्याशा खोलीत एकटी राहते. तिला दाराकडे नेलं की ती मान हलवते, बाहेर जायचं नाही म्हणजे नाही. टेबलावरच्या डायरीत गेम सेव्ह होतो आणि पलंगावर झोपलं की स्वप्न सुरू होतं. स्वप्नात मात्र तेच दार उघडतं आणि आपण 12 दारांच्या एका जागेत येतो. प्रत्येक दारामागे एक वेगळं जग. तिथे फिरून 24 ‘इफेक्ट’ गोळा करायचे: सायकल, छत्री, मांजर, बेडूक, सुरी वगैरे.

बस्स, एवढंच. संवाद जवळपास नाहीत, स्कोर नाही, मिशन नाही. फारच भीती वाटली तर कीबोर्डवरचं 9 दाबायचं. ती स्वतःच्या गालाला चिमटा काढते आणि जागी होते.

मग भीती येते कुठून?

पहिली युक्ती म्हणजे लूप होणारा नकाशा. उजवीकडे चालत राहिलात तर डावीकडून परत त्याच जागी येता. भिंत नाही, शेवट नाही, त्यामुळे आपण कुठे आहोत तेच कळत नाही.

दुसरी युक्ती आवाजाची. संगीताचे छोटे तुकडे पुन्हा पुन्हा वाजत राहतात. थोड्या वेळाने डोकं जड व्हायला लागतं.

तिसरी युक्ती सगळ्यात भारी, ती म्हणजे नशीब. पोनिको नावाच्या मुलीच्या घरात लाईटचं एक बटण आहे. लाईट बंद केली की 64 पैकी 1 वेळा ती मुलगी ‘उबोआ’ नावाच्या काळ्या-पांढऱ्या आकृतीत बदलते आणि बाहेर जायचा रस्ता बंद होतो. गणित करून बघा: 64 वेळा लाईट बंद करूनही 100 पैकी साधारण 36 जणांना काहीच दिसणार नाही. म्हणजे एक मित्र म्हणणार, ‘मी पाहिलं’, आणि दुसरा म्हणणार, ‘फेकू नको.’ आपल्या गावातली भुताची गोष्ट अशीच टिकते ना? एकाला दिसतं, बाकीचे ऐकतात.

कोणी बनवला?

बनवणारा ‘किकियामा’ या नावानेच ओळखला जातो. खरं नाव, चेहरा, काहीच जाहीर नाही. 2007 नंतर मूळ गेममध्ये त्याने नवीन भर टाकली नाही. पण चाहत्यांनी त्याच धर्तीवर स्वतःचे गेम बनवायला घेतले. त्यातल्या ‘यूमे 2क्की’वर तर अनेक जणांनी मिळून काम केलं. 2018 मध्ये मूळ गेम स्टीमवर अधिकृतपणे आला, तोही फुकट.

फोनवर कसा खेळायचा?

मूळ गेम विंडोज कॉम्प्युटरसाठी आहे. फोनसाठी रस्ता असा:

1. कॉम्प्युटरवर स्टीममधून गेम डाउनलोड करा.
2. गेमचं पूर्ण फोल्डर फोनमध्ये कॉपी करा.
3. प्ले स्टोअरवरून ‘इझीआरपीजी प्लेयर’ हे ओपन सोर्स ॲप घ्या आणि त्यात ते फोल्डर दाखवा.
4. स्क्रीनवरच्या कंट्रोलमध्ये 9 चं बटण जोडा, नाहीतर चिमटा काढता येणार नाही.

कुठल्याही अनोळखी साईटवरून ‘यूमे निक्की मॉड एपीके’ उचलू नका. साधा गेम जर एसएमएस आणि कॉन्टॅक्टची परवानगी मागत असेल, तर समजून जा, त्याला गेमशी काही देणंघेणं नाही.

खेळण्याआधी हे वाचा

गेममध्ये एकटेपणा आणि हिंसा आहे आणि शेवट आत्महत्येकडे जाणारा आहे. सध्या मन खचलेलं असेल तर हा गेम बाजूला ठेवा. कोणाशी बोलावंसं वाटलं तर टेली-मानसचा 14416 हा सरकारी नंबर दिवसरात्र चालू असतो आणि कॉल मोफत आहे.

असा गेम आपण बनवू शकतो का?

हो, कारण यात महागडं काहीच नाही. किकियामाने ‘आरपीजी मेकर 2003’ वापरलं. त्यात कोड लिहिण्याऐवजी बऱ्याच गोष्टी मेनूतून निवडायच्या असतात: ‘लाईट बंद झाली, तर एक आकडा काढ, तो अमुक आला, तर चित्र बदल.’ स्क्रीन फक्त 320 × 240 पिक्सेलची. आजच्या 720 × 1600 च्या साध्या फोनवर त्याच्या 15 पट पिक्सेल असतात! आज ‘गोडो’ हे गेम इंजिन फुकट मिळतं आणि त्याचा एडिटर अँड्रॉइडवरही चालतो.

आता विचार करा. रात्रीची वेळ, धानाच्या बांध्या, पाळीवरून तुम्ही एकटेच चालताय. पुढे बोडी लागते. पुन्हा बांध्या, पुन्हा तीच बोडी. पाचव्या फेरीला बोडीच्या काठावर कोणीतरी बसलेलं दिसतं. 64 पैकी एकदाच.

भूत काढायचीसुद्धा गरज नाही. बसलेला माणूस कोण, ते सांगू नका. बाकीचं काम खेळणाऱ्याचं डोकं करेल.