घराची जाहिरात : शब्द आणि कागद

ठाणे स्थानकाबाहेर हातात पडणारे पत्रक असो, घोडबंदर मार्गावरील भव्य फलक असो किंवा भ्रमणध्वनीवर येणारा संदेश असो, घराच्या जाहिरातीची भाषा बहुधा एकसारखीच असते. स्थानक पाच मिनिटांवर, महामार्ग दोन मिनिटांवर, शाळा आणि रुग्णालय हाकेच्या अंतरावर आणि मेट्रो तर जणू दारातच. ही मिनिटे कोणत्या वेळेची आणि कोणत्या वाहनाची, हे मात्र पत्रकात सापडत नाही. सायंकाळी सहा वाजता कल्याण-शीळ रस्त्याने प्रवास करणाऱ्यास त्याचा उलगडा आपोआप होतो. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो मार्गाचे भूमिपूजन कल्याण येथे 18 डिसेंबर 2018 रोजी झाले. भूमिपूजन आणि पहिली गाडी यांत किती वर्षांचे अंतर पडू शकते, हे ध्यानात न घेता केवळ मेट्रोच्या भरवशावर चढा भाव देणे हितावह नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली ही शहरे मुंबईतील नोकरदारांच्या घरांच्या गरजेतून वाढली. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली रेल्वेगाडी 16 एप्रिल 1853 रोजी धावली आणि पुढच्याच वर्षी लोहमार्ग कल्याणला पोचला. ठाण्याची महानगरपालिका 1982 मध्ये, तर कल्याणची 1983 मध्ये अस्तित्वात आली. मुंबईत न परवडणारी जागा लोहमार्गाच्या कडेने शोधणारे मध्यमवर्गीय कुटुंब हेच येथील गृहबांधणी व्यवसायाचे मुख्य गिऱ्हाईक होय. अशा कुटुंबाची आयुष्यभराची शिल्लक आणि पुढील पंधरा-वीस वर्षांचे कर्ज एका सदनिकेत गुंतते. म्हणूनच घराची जाहिरात ही साबणाच्या किंवा चहाच्या जाहिरातीसारखी मानता येत नाही.

राज्याने ही गोष्ट लवकर ओळखली होती. मालकी हक्काच्या सदनिकांबाबतचा महाराष्ट्र अधिनियम 1963 सालचा आहे. जमिनीवरील हक्क, तिच्यावरील बोजा आणि मंजूर नकाशे ग्राहकाला दाखविण्याचे बंधन त्याने प्रवर्तकावर घातले. लेखी करार करण्यापूर्वी किमतीच्या 20 टक्क्यांहून अधिक रक्कम घेण्यासही मनाई केली. परंतु जाहिरातीतील शब्दाला जाब विचारणारी स्वतंत्र यंत्रणा त्यानंतर अनेक वर्षे नव्हती. केंद्राच्या स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, 2016 मुळे ती मिळाली आणि महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाचे, म्हणजे महारेराचे, काम मे 2017 पासून सुरू झाले.

या अधिनियमातील जाहिरातीची व्याख्या अतिशय व्यापक आहे. वृत्तपत्रातील मजकूर, परिपत्रक, माहितीपत्रक, तसेच कोणत्याही माध्यमातून आणि कोणत्याही स्वरूपात केलेली प्रसिद्धी तिच्यात येते. प्रकल्पाची नोंदणी होण्यापूर्वी जाहिरात करणे किंवा आगाऊ नोंदणी घेणे निषिद्ध असून, त्यासाठी प्रकल्पाच्या अंदाजित खर्चाच्या 10 टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. जमीन 500 चौरस मीटरपर्यंत किंवा सदनिका आठपर्यंत असलेल्या लहान प्रकल्पांना मात्र नोंदणीची अट नाही. नोंदणीकृत प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा नोंदणी क्रमांक आणि संकेतस्थळाचा पत्ता ठळकपणे द्यावा लागतो. दिनांक 1 ऑगस्ट 2023 पासून त्यासोबत क्यूआर कोड छापणेही बंधनकारक झाले आहे. तो भ्रमणध्वनीच्या कॅमेऱ्यासमोर धरताच प्रकल्पाची अधिकृत नोंद उघडते. बांधकाम पूर्ण होण्याची तारीख, मंजूर नकाशे, चालू असलेले दावे आणि आतापर्यंत विकल्या गेलेल्या सदनिका यांची माहिती तेथे मिळते.

अधिनियमाचे कलम 12 तर प्रत्येक विक्रेत्याने आपल्या टेबलावर लावून ठेवावे असे आहे. जाहिरातीतील, माहितीपत्रकातील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून कोणी रक्कम भरली आणि त्यामुळे त्याचे नुकसान झाले, तर प्रवर्तकाला भरपाई द्यावी लागते. ग्राहकास व्यवहारातून बाहेर पडावयाचे असल्यास भरलेली सर्व रक्कम व्याजासह परत करावी लागते. तरणतलावाचे चित्र छापणाऱ्याने तो तलाव मंजूर नकाशात आहे की नाही, हे छापण्यापूर्वीच पाहिलेले बरे. जे करारनाम्यात लिहिण्याची तयारी नाही ते फलकावर लिहू नये, एवढे पथ्य पाळणाऱ्या व्यावसायिकास या कलमाची भीती बाळगण्याचे कारण नाही.

क्षेत्रफळाचा घोळ हा या व्यवसायातील जुना दुखणाईत भाग. पूर्वी जिना, उद्वाहन, प्रवेशकक्ष यांचा वाटा मिळवून फुगविलेल्या क्षेत्रफळावर भाव सांगितला जाई आणि ताबा घेतल्यावर खोलीत खाट व कपाट एकत्र मावत नसे. आता भाव चटई क्षेत्रावरच सांगावा लागतो. बाहेरच्या भिंती, सज्जा आणि उघडी गच्ची वगळून उरणारी प्रत्यक्ष वापराची जागा म्हणजे चटई क्षेत्र. आतील विभाजक भिंती मात्र त्यात धरल्या जातात.

एवढे सर्व असूनही डोंबिवलीत जे घडले त्याचा विचार स्वतंत्रपणे करावयास हवा. कल्याण-डोंबिवली महानगरपालिकेच्या हद्दीतील 65 इमारतींबाबत असे उघड झाले, की महापालिकेची बनावट परवानगीपत्रे तयार करून त्यांच्या आधारे महारेराकडे नोंदणी मिळविण्यात आली होती. नोंदणी क्रमांक खरा, पण ज्या कागदावर तो मिळाला तो कागद खोटा! क्रमांक पाहून समाधान पावलेल्या कुटुंबांनी घरे घेतली, दस्त नोंदविले, अनेकांनी बँकांचे कर्जही काढले. याप्रकरणी पोलिसांत गुन्हे दाखल झाले, विशेष तपास पथक नेमले गेले. जनहित याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये या बेकायदेशीर इमारती पाडण्याचा आदेश दिला. इमारत पाडली तरी कर्जाचा हप्ता चुकत नाही. फसवणूक करणाऱ्याइतकीच झळ, किंबहुना अधिक, फसविल्या गेलेल्यास बसते, हे या प्रकरणाचे सर्वांत क्लेशकारक अंग होय. स्थानिक संस्थेकडून परवानगीपत्रांची पडताळणी करून घेण्याची पद्धत महारेराने त्यानंतर अवलंबिली, हे योग्यच झाले. पण ही पडताळणी आधीच असती तर किती कुटुंबे वाचली असती, हा प्रश्न उरतोच.

स्वस्त आणि अनधिकृत घराचा धोका केवळ पैशापुरता नसतो. शीळ परिसरातील बांधकाम सुरू असलेली अनधिकृत इमारत 4 एप्रिल 2013 रोजी कोसळली आणि 74 जणांचे प्राण गेले.

तेव्हा जाहिरातीवरून प्रकल्पाची नोंद उघडल्यावर तेथेच न थांबता ग्राहकाने आणखी दोन ठिकाणी जावे. महापालिकेच्या नगररचना विभागात बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राचा क्रमांक व दिनांक दाखवून ते खरोखर दिले गेले आहे काय, हे विचारावे. तोंडी उत्तर न मिळाल्यास माहितीच्या अधिकारात अर्ज करावा. डोंबिवलीचा प्रकार उजेडात येण्यास हाच अधिकार उपयोगी पडला. दुसरे ठिकाण म्हणजे जमिनीचा सातबारा उतारा किंवा मिळकत पत्रिका, आणि दुय्यम निबंधक कार्यालयातील मागील वर्षांच्या दस्तांचा शोध. हे काम वकिलाकडून करून घेतल्यास होणारा खर्च सदनिकेच्या किमतीपुढे नगण्य असतो. ‘आज टोकन दिले तरच हा भाव’ असे सांगितले गेल्यास घाई करू नये. नोंदणीकृत करारनाम्याशिवाय 10 टक्क्यांहून अधिक रक्कम प्रवर्तकास घेताच येत नाही. दलालाचीही महारेराकडे नोंदणी आहे काय, हे पाहावे.

जाहिरातीचे कात्रण, माहितीपत्रक, आलेले संदेश आणि पैसे भरल्याच्या पावत्या ताबा मिळाल्यानंतरही जपून ठेवाव्यात. वाद उद्भवल्यास महारेराच्या सलोखा मंचापुढे ग्राहक संघटना आणि विकासक यांचे प्रतिनिधी एकत्र बसून तडजोडीचा प्रयत्न करतात. तेथे न मिटल्यास महारेराकडे रीतसर तक्रार करता येते. बांधकामातील संरचनात्मक दोषांसाठी ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांपर्यंत प्रवर्तकाची जबाबदारी राहते आणि असा दोष निदर्शनास आणून दिल्यापासून 30 दिवसांच्या आत तो विनामूल्य दुरुस्त करून द्यावा लागतो.