तोळ्यात न मावणारी श्रीमंती

फेब्रुवारी २०१६ मध्ये कर्नाटकचे तेव्हाचे मुख्यमंत्री सिद्धरामय्या यांच्या मनगटावरचं घड्याळ देशभर गाजलं. हुब्लो या स्विस कंपनीचं, हिरेजडित. त्याची किंमत सत्तर लाखांच्या घरात आहे, असा आरोप जनता दल (धर्मनिरपेक्ष)चे नेते एच. डी. कुमारस्वामी यांनी केला. दुबईतल्या एका मित्राने ते भेट दिल्याचं सिद्धरामय्यांनी सांगितलं. तरीही वाद शमेना, तेव्हा मार्चच्या सुरुवातीला त्यांनी ते सरकारी मालमत्ता म्हणून विधानसभा अध्यक्षांच्या हाती सोपवलं.

तेव्हा सोन्याचा भाव तोळ्याला तीस हजारांच्या आसपास होता. सत्तर लाखांत सव्वादोन किलोहून अधिक सोनं आलं असतं. एवढं सोनं अंगावर चढवून कुणी व्यासपीठावर उभं राहिलं असतं, तर मैदानाच्या शेवटच्या रांगेतल्या म्हातारीलाही ते दिसलं असतं आणि तिने त्याची किंमतही साधारण सांगितली असती. घड्याळ मात्र शर्टाच्या बाहीखाली राहतं. ज्याला ते ओळखता येतं, त्यालाच ते दिसतं. राजकारण्यांच्या महागड्या छंदांबद्दल बोलायचं, तर मला या फरकापासूनच सुरुवात करावीशी वाटते.

महाराष्ट्राने अंगावर सोनं मिरवण्याचा प्रकार भरपूर पाहिला आहे. खडकवासल्याचे मनसेचे आमदार रमेश वांजळे २००९ मध्ये निवडून आले, ते गळ्यातल्या जाडजूड साखळ्यांसह. जून २०११ मध्ये त्यांचं अकाली निधन झालं, तरी ‘गोल्डमॅन’ ही त्यांची ओळख आजही लोकांच्या तोंडी आहे. पिंपरी-चिंचवडच्या दत्ता फुगे यांनी तीन किलोंहून जास्त सोन्याचा शर्ट शिवून घेतला आणि त्याची छायाचित्रं जगभर फिरली. जुलै २०१६ मध्ये त्यांचा खून झाला. आमच्या बाजूला पनवेलचे पंढरीनाथ फडके सोन्यासाठी जितके प्रसिद्ध होते, तितकेच शर्यतीच्या बैलांसाठीही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ते गेले.

या माणसांची शहरात यथेच्छ टिंगल झाली. हेच पैसे कुणी स्विस घड्याळात घातले असते, तर ‘अभिरुची’ हा शब्द निघाला असता. टिंगल आणि कौतुक यांची ही वाटणी पैशावर होत नाही. पैसा कधी आला, कुठून आला आणि तो दाखवायची रीत कुणाकडून शिकली, यावर होते.

आमच्या कल्याणजवळच्या मोहने, अटाळी, वडवली, गाळेगाव, आंबिवली या गावांत हे जवळून पाहता येतं. भातखाचरं, वीटभट्ट्या आणि खाडीतली रेती यांवर जगणारा हा पट्टा. त्यात नॅशनल रेयॉन कॉर्पोरेशन, म्हणजे सगळ्यांची ‘एनआरसी’, मोहन्याला आली आणि गावाशेजारी कंपनी आणि कॉलनी उभी राहिली. पुढे शहाड, आंबिवली, टिटवाळा असं करत मुंबईची घरं इथवर पोचली. पिढ्यान्‌पिढ्या सातबाऱ्यावर नुसतीच पडून असलेली जमीन बिल्डरच्या एका सहीने करोडोंची झाली. पगार जसा महिन्यामहिन्याला येतो, तसा हा पैसा येत नाही. तो एकगठ्ठा येतो आणि सगळ्या गावाला कळून येतो. त्याचं काय केलं, हेही मग गावालाच दाखवावं लागतं. बंगला, फॉर्च्युनर, मुलीच्या हळदीचा मांडव, गळ्यातलं सोनं. गाडीच्या नंबरप्लेटवरही बोली लागते. राज्य सरकारने २०२४ मध्ये पसंतीच्या क्रमांकांचं शुल्क वाढवलं, तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या शहरांत चारचाकीच्या ‘०००१’ला सहा लाख रुपये झाले. तरीही घेणारे आहेतच.

आणि बैल. ज्याने शर्यत पाहिलेली नाही, त्याला या छंदाची ओढ समजणार नाही. पुणे जिल्ह्यात जुन्नर-खेडच्या घाटांत गाडा वेळेवर जोखला जातो. सेकंदाच्या अंशाने निकाल फिरतो आणि घड्याळ धरणाऱ्यावर सगळ्यांची नजर असते. कल्याण, अंबरनाथ, पनवेलकडे लोकप्रिय आहे ती बिनजोड. दोन छकडे समोरासमोर आव्हान देऊन धावतात. धाव काही क्षणांत संपते. पण त्या क्षणांसाठी वर्षभर बैलाला दूध, अंडी, उडीद, बदाम घातलेले असतात, त्याचं अंग चोळलेलं असतं, त्याला पोहायला नेलेलं असतं. उत्तम खिल्लार बैलाचा सौदा काही लाखांचा होतो. नावाजलेला बैल असेल तर त्याहून कितीतरी वर जातो. माईकवरचा निवेदक आधी बैलाचं नाव घेतो, मग मालकाचं, मग गावाचं. लाखभर रुपयांच्या घड्याळामुळे गावाचं नाव कधी माईकवर घेतलं जात नाही.

सर्वोच्च न्यायालयाने मे २०१४ मध्ये या शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्राला अटींसह परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बंदी उठल्यावर शर्यतींचं रूप पालटलं. दावणीत राजकीय पक्षांचे झेंडे आले, फ्लेक्सवर आमदार-खासदार आले, सांगलीकडच्या मोठ्या मैदानांत पहिल्या बक्षिसाला थार गाडी लागली. नोव्हेंबर २०२२ मध्ये अंबरनाथमध्ये शर्यतीच्या वादातून गोळ्या झाडल्या गेल्या. प्रतिष्ठेचा छंद किती पेट घेऊ शकतो, ते तेव्हा दिसलं. बैलांचे हाल आणि बंदुका यांचं समर्थन मी करणार नाही. पण या छंदात मालकासोबत गडी असतो, छकडा बनवणारा सुतार असतो, झेंडी दाखवणारा असतो, हरल्यावर रडणारी पोरं असतात. मालकाच्या पैशाला इथे साक्षीदार आहेत.

थॉर्स्टीन वेब्लेन या अमेरिकी अर्थशास्त्रज्ञाने १८९९ मध्येच दिखाऊ उपभोगाची मीमांसा मांडली होती. वस्तूचा उपयोग जितका कमी, तितकी ती आपल्या ऐपतीची साक्ष चांगली देते, असं त्याच्या म्हणण्याचं सार. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्दिय यांनी १९७९ मध्ये याच्या पुढचं पाऊल टाकलं. पैसा मिळवता येतो, पण आवडीनिवडी घरातून, शाळेतून, संगतीतून अंगात मुरतात, आणि वरचा वर्ग खालच्याला ‘रुची नाही’ म्हणून दाराबाहेर ठेवतो. सोन्याच्या साखळीला हसणारा माणूस नेमकं हेच करत असतो. जाहिरात क्षेत्रातले फ्रेंच दिग्गज जाक सेगेला यांनी २००९ मध्ये तर उघडच म्हटलं होतं की पन्नाशीपर्यंत ज्याच्याकडे रोलेक्स नाही, त्याचं आयुष्य फुकट गेलं. विषय होता तेव्हाचे अध्यक्ष निकोलस सार्कोझी यांच्या घड्याळांचा. फ्रान्समध्ये त्यावरून गदारोळ झाला, सेगेलांना माफीही मागावी लागली.

घड्याळ या पदावर पोचलं कसं, हे मुळातून समजून घेण्यासारखं आहे. चावीच्या उत्तम स्विस घड्याळाला प्रमाणपत्र मिळवायचं, तर दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे, इतकीच चूक चालते. साधं क्वार्ट्झचं घड्याळ, ज्यात सेल टाकला की झालं, ते महिन्याला सुमारे पंधरा सेकंद चुकतं. म्हणजे बाजारपेठेत काही शे रुपयांना मिळणारं घड्याळ लाखोंच्या घड्याळापेक्षा वेळ अचूक दाखवतं. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने पहिलं क्वार्ट्झ मनगटी घड्याळ बाजारात आणलं आणि पुढच्या पंधरा वर्षांत स्विस घड्याळधंद्यातल्या बहुतांश नोकऱ्या गेल्या. जे कारखाने उरले, त्यांनी वेळ विकणं सोडलं. हाताने घासलेले भाग, मोजकेच नग, वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, यांची ते किंमत लावू लागले. घड्याळजी ब्रेगे यांनी १८०१ मध्ये पेटंट घेतलेला तूर्बियाँ हा फिरता पिंजरा पाहा. खिशात उभ्या राहणाऱ्या घड्याळावर गुरुत्वाकर्षणाचा होणारा परिणाम कमी करण्यासाठी तो होता. सतत हलणाऱ्या मनगटावर त्याची फारशी गरज नाही, तरी आज घड्याळाची किंमत तोच कित्येक पटींनी वाढवतो. वेब्लेनला याहून चोख उदाहरण सापडलं नसतं.

आपल्याकडचा प्रवास उलटा होता. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळूरला एचएमटीची घड्याळं बनू लागली आणि सरकारी नोकर, शिक्षक, कामगार यांच्या मनगटावर पहिल्यांदा स्वतःची वेळ आली. लग्नात जावयाला एचएमटी, पंचवीस वर्षांच्या नोकरीबद्दल कंपनीकडून एचएमटी. काचेवर चरे, बदललेला पट्टा, सकाळी उठल्यावर चावी देण्याची सवय. पाळीत काम करणाऱ्याला घड्याळ शोभेसाठी नको होतं. गेटवर हजेरीला पाच मिनिटं उशीर झाला तर पगार कापला जायचा, म्हणून हवं होतं. एनआरसीत रेयॉनचा धागा रात्रंदिवस निघायचा, तीन पाळ्यांत. मोहन्याच्या घराघरांतलं जेवण, झोप, पोरांचा अभ्यास या पाळ्यांवर बांधलेला होता. नोव्हेंबर २००९ मध्ये कंपनी बंद पडली. चार हजारांहून अधिक कामगार बाहेर पडले आणि आपल्या घामाच्या थकलेल्या पैशांसाठी वर्षानुवर्षं कोर्टकचेऱ्या करत राहिले. कित्येक जण ते हातात पडण्याआधीच गेले. जमीन पुढे दिवाळखोरीच्या प्रक्रियेतून अदानी समूहाकडे गेली. ६ जानेवारी २०१६ रोजी केंद्र सरकारने एचएमटी वॉचेस बंद करण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर साधारण महिनाभरात त्याच बंगळुरात मुख्यमंत्र्यांच्या हुब्लोची चर्चा सुरू झाली.

या दोन घटना एकमेकींशी जोडलेल्या नाहीत, पण एकाच काळाच्या आहेत. कामगाराच्या मनगटावरचं घड्याळ मोबाइलने काढून घेतलं आणि नेत्याच्या मनगटावर ते परत आलं, वेगळ्याच कामासाठी. मला जाणवणारा बदल असा: आमच्या ठाणे जिल्ह्यातला नवा नेता आता साखळ्या कमी करतो आहे. पांढरा कडक शर्ट, एखादी बारीक चेन, आणि मनगटावर जाड डायलचं घड्याळ. तो गावाला काही सांगत नाही. तो त्याच्यासारख्यांना सांगतो, बिल्डरला, ठेकेदाराला, मंत्र्याच्या खासगी सचिवाला. सभेतल्या हजारोंपैकी पाचजणांना कळलं तरी पुरे. गावाने पाहावं म्हणून घातलेल्या सोन्यापेक्षा, गावाला कळूच नये असं घातलेलं घड्याळ मला जास्त अस्वस्थ करतं. ज्यांनी निवडून दिलं, त्यांच्याकडे पाठ करून केलेलं ते बोलणं आहे.

याच ठाण्याने १९७७ आणि १९८० मध्ये रामभाऊ म्हाळगींना लोकसभेवर पाठवलं होतं. मतदारांना आपल्या कामाचा छापील अहवाल दर वर्षी देणारा हा खासदार. त्यांच्या पक्षाशी ज्यांचं कधी पटलं नाही, तेही त्या अहवालाची आठवण काढतात.

लपवलेलं घड्याळ फार काळ लपत नाही, हेही खरं. रशियन ऑर्थोडॉक्स चर्चचे प्रमुख किरील यांच्या छायाचित्रातून २०१२ मध्ये महागडं ब्रेगे घड्याळ संगणकावर पुसलं गेलं होतं. पुसणाऱ्याने चकाकत्या टेबलावरचं त्याचं प्रतिबिंब मात्र तसंच ठेवलं, आणि चर्चला माफी मागावी लागली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चीनच्या शान्शी प्रांतात बसच्या अपघातात ३६ माणसं मेली. तिथे हसत उभ्या असलेल्या यांग दात्साई या अधिकाऱ्याचा फोटो लोकांना झोंबला. त्यांनी त्याचे जुने फोटो धुंडाळून निरनिराळी घड्याळं ओळखून काढली, पगाराशी ताडून पाहिली. पुढच्या वर्षी भ्रष्टाचाराबद्दल यांगला चौदा वर्षांची शिक्षा झाली.

भारतात अशा ताडून पाहण्याला आता न्यायालयाचा आधार आहे. अरुणाचल प्रदेशातल्या तेजूचे तेव्हाचे आमदार कारिखो क्री यांच्या निवडीवरच्या खटल्यात ९ एप्रिल २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. न्या. अनिरुद्ध बोस आणि न्या. संजय कुमार यांनी म्हटलं की कपडे, बूट, भांडी अशी प्रत्येक जंगम वस्तू उमेदवाराने शपथपत्रात लिहायची गरज नाही. उदाहरण मात्र त्यांनी घड्याळाचं घेतलं. साधं घड्याळ सांगितलं नाही तर बिघडत नाही. पण उमेदवाराच्या घरात भारी किमतीची अनेक घड्याळं असतील, तर ती जाहीर करायलाच हवीत, कारण ती मोठी मालमत्ताही आहेत आणि राहणीमान दाखवणारीही.

निकाल स्पष्ट आहे, नमुना मागे राहिला आहे. विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराने भरायच्या नमुना २६ मध्ये वाहनांसाठी वेगळा रकाना आहे, त्यात कंपनी, नोंदणी क्रमांक, खरेदीचं वर्ष लिहावं लागतं. पुढचा रकाना दागिने, सोनं-चांदी आणि मौल्यवान वस्तूंचा. तिथे तपशील विचारला जातो तो वजन आणि किंमत असा. सोन्याला हे लागू पडतं. गळ्यातली साखळी तोळ्यांत लिहिली जाते आणि दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात छापून येते. घड्याळाचं वजन शे-दीडशे ग्रॅम, त्यातून काहीच कळत नाही. कंपनी, मॉडेल, कधी घेतलं, कुणी दिलं, हे विचारणारी एक ओळ त्या रकान्यात घालायला निवडणूक आयोगाला फार मोठी खटपट पडणार नाही.

तोवर काम आपल्याकडे आहे. उमेदवारांची शपथपत्रं आयोगाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात, ‘एडीआर’ संस्थेच्या ‘मायनेता’वर ती सोपी करून मांडलेली असतात, आणि महापालिकेच्या उमेदवारांनाही मालमत्तेचं शपथपत्र द्यावंच लागतं. चौकातल्या प्रत्येक फ्लेक्सवर हात जोडलेला नेता असतो. हात जोडले की डावं मनगट समोर येतं.