चावी आत, लेकरू आत

आपल्या वस्तीत चारचाकी येणे ही एके काळी बातमी होती. गिरणीत किंवा रेल्वेत नोकरी असलेल्या माणसाकडे सायकल, फार तर लुना. मोटार दिसलीच तर ती कुणाच्या तरी साहेबाची असायची आणि ती चालवणारा तेवढा आपला माणूस. आता तसे राहिले नाही. इंदोरा, पाचपावली, रामबाग, कुठल्याही गल्लीत जा, एखादी जुनी व्हॅन, आल्टो किंवा वॅगन-आर उभी दिसतेच. कुणी कर्ज काढून घेतलेली, कुणी भाड्याने फिरवायला घेतलेली, कुठे दोन भावांनी मिळून. गाडी आली, पण गाडीबरोबर घरातल्या सर्वांना ज्या गोष्टी ठाऊक असायला हव्यात, त्या आल्या नाहीत. त्यातलीच एक आज सांगायची आहे. चावी आत राहिली आणि दारे लागली तर काय करायचे? विषय किरकोळ वाटेल. मलाही तो किरकोळच वाटत होता.

माझ्या धाकट्या भावाने जुनी गाडी घेतली तेव्हा तिला एकच चावी मिळाली. दुसरी हरवली, असे विकणाऱ्याने सांगितले. भावाने एका दुकानातून रिमोटचे सेंट्रल लॉक बसवून घेतले आणि रिमोट त्याच चावीच्या जुडग्यात अडकवला. पुढे मे महिन्यात कामठी रोडवरच्या एका हॉलमध्ये नात्यातले लग्न होते. दुपारचे बारा वाजले असतील. आहेराचे सामान उतरवायचे म्हणून भावाने गाडी बंद केली आणि मागच्या सीटवर बसलेली दोन वर्षांची मुलगी किरकिर करते म्हणून चावीचे जुडगे तिच्याच हातात दिले. सगळे उतरले, दारे लावली, आणि आतून 'खट्' असा आवाज आला. पोरीने बटण दाबले होते.

पहिली दोन मिनिटे सगळे हसतच होते. "दाब बेटा, दाब, अजून एकदा दाब," असे काचेबाहेरून दहा जण ओरडू लागले. एवढी तोंडे एकदम पाहून लेकरू घाबरले आणि जुडगे खाली पडले. मग ते रडू लागले, घामाने केस कपाळाला चिकटले, तोंड लालबुंद झाले. एक जण चाबीवाल्याला आणायला मोटारसायकलवर पळाला. कुणी लोखंडी पट्टी शोधू लागले. भाऊ नुसता दाराचे हँडल ओढत होता. काच फोडावी हे त्याला सुचले नाही असे नाही, पण गाडीचे हप्ते चालू होते. तो मला नंतर म्हणाला, "दादा, मला वाटलं चाबीवाला येईल पाच मिनिटांत."

नवऱ्या मुलीच्या मामी तिथे आल्या. दवाखान्यात आया म्हणून त्यांनी उभी नोकरी काढलेली. त्यांनी आत पाहिले आणि ओरडल्या, "काय पाह्यत राह्यले रे सारे? काच बजारात भेटते, लेकरू भेटते का बजारात?" त्यांनी बायकांचे दुपट्टे ओढून उन्हाच्या बाजूच्या काचांवर टाकायला लावले आणि स्वतः दगड उचलला. काचेच्या मध्यभागी मारला तर तो उसळून परत आला. तेवढ्यात दुसऱ्या गाडीतला चाकाचा पाना कुणी तरी आणून दिला. लेकरू मागे डावीकडे होते, म्हणून पुढची उजवी काच निवडली, आणि पान्याचे टोक काचेच्या खालच्या कोपऱ्यात मारताच सगळी काच खडीसाखरेसारखी खाली आली. हाताला दुपट्टा गुंडाळून मामींनी आतली कडी ओढली. या सगळ्याला सात-आठ मिनिटे लागली असतील. सावलीत नेऊन पोरीचे कपडे काढले, ओल्या कापडाने अंग पुसले, वारा घातला, घोट घोट पाणी पाजले. पंधरा मिनिटांनी ती पुन्हा खेळू लागली. तिची आई मात्र संध्याकाळपर्यंत रडत होती.

सात-आठ मिनिटांत एवढे काय होते, असे वाटणाऱ्यांसाठी थोडे शास्त्र सांगतो. काचेतून ऊन आत येते, सीट आणि डॅशबोर्ड तापतात, पण ती उष्णता बंद गाडीतून बाहेर पडू शकत नाही. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डॉक्टरांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बाहेर २२ ते ३६ अंश असलेल्या वेगवेगळ्या दिवशी मोजमाप केले. बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी २२ अंशांनी वाढले, आणि त्यातली ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली. काच दोन बोटे खाली ठेवून फारसा फरक पडला नाही. आमच्या नागपुरात मे २०१३ मध्ये पारा ४७.९ अंशांवर गेला होता; तिथे हा हिशेब कुठून सुरू होतो ते वाचकांनीच पाहावे. त्यात लहान मुलाचे अंग मोठ्या माणसापेक्षा तीन ते पाच पट वेगाने तापते.

हे आपल्याच भागात घडून गेले आहे. १७ जून २०२३ रोजी, शनिवारी, टेका नाका भागातल्या फारुकनगरातून चार ते सहा वर्षांची तीन मुले खेळता खेळता दिसेनाशी झाली. पाचपावली पोलिसांत तक्रार झाली, रात्रभर शोध चालला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती घराजवळच उभ्या असलेल्या एका गाडीत मृतावस्थेत सापडली. खेळताना ती गाडीत शिरली आणि बाहेर पडू शकली नाहीत, असा पोलिसांचा प्राथमिक अंदाज होता. मे २०२५ मध्ये आंध्रातल्या विजयनगरम जिल्ह्यातही चार मुले अशीच गेली. अशा ठिकाणी चावी आत राहिलेली नसते, गाडी फक्त उघडी राहिलेली असते. म्हणून गाडी दारात उभी करणाऱ्याने, ती चालती असो की महिनोन्महिने पडून असलेली, दारे आणि डिक्की लागली की नाही हे हाताने ओढून पाहावे. आणि मूल दिसेनासे झाले तर विहीर-नाल्याबरोबरच आधी आसपासच्या गाड्यांत पाहावे.

मुलांना आणखी एक गोष्ट शिकवता येते. मागच्या दारांना मुलांसाठीचे कुलूप असते. दाराच्या कडेला असलेली ती बारीक कळ खाली असेल तर आतून हँडल कितीही ओढले तरी दार उघडत नाही. पुढच्या दारांना ते नसते. तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला गाडीत बसवून दाखवावे की अडकलास तर पुढच्या सीटवर जा, कडी ओढ, नाहीच उघडले तर हॉर्न दाबत राहा. बहुतेक गाड्यांचा हॉर्न चावी नसतानाही वाजतो. आपल्या गाडीचा वाजतो का, ते आजच दाबून पाहावे.

आत कुणी नसेल आणि फक्त चावी अडकली असेल, तर घाई करण्याचे कारण नाही. उलट घाईतच नुकसान होते. जुन्या मारुतीच्या दारात काच आणि रबर यांच्या फटीतून पट्टी घालून कडी उचलता येत असे, आणि ते पाहिलेले लोक आजही घरची फूटपट्टी घेऊन धावतात. पण नव्या गाड्यांच्या दारात काच वरखाली करणारी मोटर, तारा आणि केबल असतात. पट्टी त्यात अडकली की चावीचे काम राहते बाजूला आणि दार खोलायची वेळ येते. हे काम जाणकाराचे आहे. तो दाराच्या फटीत हवेची पिशवी फुगवून जरा जागा करतो आणि लांब सळईने आतली कळ दाबतो.

त्या दिवशी आमचा चाबीवाला काच फुटल्यानंतर पोहोचला. फुटलेली काच पाहून तो जे बोलला, तेच मला सर्वांना सांगायचे आहे. "भाऊ, एक साधी चाबी बनवून ठेवली असती तं हे झालंच नसतं. दार उघडायले चिप नाही लागत." आजकालच्या चावीत इलेक्ट्रॉनिक चिप असते, ती करायला काही हजार रुपये सांगतात, म्हणून लोक दुसरी चावी करतच नाहीत. पण चिप लागते ती इंजिन सुरू करायला. दाराचे कुलूप तर नुसत्या खाचांवर उघडते. भावाने दुसऱ्याच दिवशी दीडशे रुपयांत तशी बिनचिपची चावी कापून घेतली. तिने गाडी सुरू होत नाही, दार मात्र उघडते. काही नव्या गाड्यांच्या चावीची खाच वेगळ्या यंत्रावर कापावी लागते, तिथे खर्च जास्त. बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांच्या रिमोटच्या पोटातच एक बारीक चावी लपवलेली असते आणि तिचे भोक कधी कधी हँडलवरच्या टोपणाखाली असते. ते कुठे आहे हे मालकालाच ठाऊक नसते, असे बरेचदा दिसते.

चावी कापली की तिथेच दाराला लावून पाहावी. रिमोट वापरून वापरून ते भोक धुळीने जाम झालेले असते. पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली की ते मोकळे होते. ही चावी गाडीतल्या खणात ठेवण्यात काही अर्थ नाही (असे ठेवणारे मला भेटले आहेत). जुनी गाडी घेताना दोन्ही चाव्या आणि चावीच्या नंबराची पट्टी मागून घ्यावी. गाडी चोरीला गेली तर विमा कंपनीही दोन्ही चाव्या मागते.

चाबीवाल्यांबद्दल एक शब्द. या धंद्यात शिकलगार समाजाची अनेक कुटुंबे आहेत. त्यांचे पूर्वज तलवारींना धार-पाणी करत. कुलूप उघडता येते म्हणून यांच्याकडे संशयाने पाहण्याची खोड लोकांना आहे. जन्मावरून संशय घेतला जाणे म्हणजे काय, हे आपल्याला कुणी शिकवायला नको. चांगला चाबीवाला आधी गाडीचे कागद मागतो, त्याचा राग धरू नये. कागद आत अडकले असतील तर मोबाईलमधल्या डिजीलॉकरचे चालतात. मोबाईलही आतच असेल तर? घरचा एक नंबर तरी तोंडपाठ असावा.

आपले कितीतरी बांधव दुसऱ्याची गाडी चालवतात. त्यांना भीती वेगळी असते. साहेबाची चावी आत राहिली तर नोकरीवर येईल, म्हणून ते परस्पर खटपट करतात आणि दार बिघडवून बसतात. आधी मालकाला फोन करावा. दुसरी चावी बहुधा त्यांच्या घरीच असते. पण दुसऱ्याच्या बंद गाडीत मूल तडफडताना दिसले तर कुणालाही विचारत बसू नये. गरिबाच्या मनात येते की, काच फोडली तर पोलीस आपल्यालाच धरतील. कायदा काय म्हणतो ते पाहा. मोठे नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू नसताना, सद्भावनेने केलेले लहान नुकसान हा गुन्हा नाही. जुन्या दंड संहितेत हे कलम ८१ होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत ते कलम १९ आहे. आग पसरू नये म्हणून घर पाडणाऱ्याचे उदाहरण कायद्यातच दिलेले आहे. तरीही दोन माणसे साक्षीला घ्यावीत, कुणाला तरी ११२ वर फोन करायला लावावा, मोबाईलवर चित्रण करून घ्यावे आणि पोलीस येईपर्यंत तिथेच थांबावे. मूल गुंगीत असेल तर तोंडात पाणी घालू नये, अंग गार करत १०८ ची गाडी बोलवावी.

फोडताना समोरची मोठी काच सोडावी. ती दोन थरांची असते, तडकते पण फुटून पडत नाही. बाजूची फोडावी, मुलापासून लांबची, आणि कोपऱ्यात टोकदार वस्तूने. आणि इंजिन व एसी चालू असताना मूल आत अडकले असेल, तर थोडा वेळ हाती असतो. तेव्हा एकाच ओळखीच्या माणसाने काचेजवळ बसून, हसत, बटण दाखवत राहावे. बाकीच्यांनी मागे सरावे. एसी बंद पडला की मात्र वाट पाहणे संपले.

भावाच्या विम्यात काचेचे पैसे मिळाले नाहीत, कारण त्याने नुसता थर्ड पार्टी विमा काढला होता. काच त्याने पदरच्या पैशाने बसवली. आता दाराजवळच्या खिळ्यावर एक साधी चावी टांगलेली असते आणि दुसरी त्याच्या बायकोच्या पर्समध्ये. मामी कुठल्याही कार्यक्रमात भेटल्या की नमस्कार-चमत्कारानंतर आधी तिला पर्स उघडून चावी दाखवायला लावतात.