रक्त दिसले, म्हणजे मूळव्याधच?

खामगाव असो की मेहकर, स्टँडच्या आसपास 'मूळव्याधीवर खात्रीशीर इलाज' अशी पाटी बहुधा दिसतेच. शौचाच्या वेळी रक्त पडले की माणूस आधी तिकडे वळतो, नाहीतर घरीच ताक नि इसबगोल सुरू करतो. पुष्कळदा ती मूळव्याधच असते. पण मोठ्या आतड्याचा आणि गुदाशयाचा कर्करोगही पहिली वर्दी याच वाटेने देतो, आणि जुनी मूळव्याध असलेल्याला तो होत नाही असे मुळीच नाही.

रक्ताच्या रंगावरून घरी निदान होत नाही. शौचाची नेहमीची सवय तीन आठवड्यांहून अधिक काळ बदललेली राहिली, जाऊन आल्यावरही पोट साफ झाल्यासारखे वाटेना, वजन विनाकारण उतरले, तर डॉक्टर गाठावा. आतड्याच्या उजव्या भागातला रक्तस्राव तर अनेकदा डोळ्यांना दिसतच नाही. नुसता थकवा येतो, हिमोग्लोबिन घटते. घरातल्या बाईला असे झाले की 'अशक्तपणा' म्हणून लोहाच्या गोळ्या देऊन आपण मोकळे! रक्त जाते कुठे, हे कोणी विचारत नाही.

गुदाशयातली गाठ पुष्कळदा डॉक्टरांच्या बोटालाच लागते. हातमोजा घालून केलेली ही तपासणी मिनिटभराची. तिला यंत्र लागत नाही की अकोल्याचे तिकीट, कोलोनोस्कोपी त्यानंतरची. अडते ते लाजेपाशी. रोग आतड्यापुरताच असताना सापडला, तर अमेरिकेतल्या नोंदींप्रमाणे १०० पैकी सुमारे ९० रुग्ण पाच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्याकडे हा रोग तिशी-चाळिशीतही आढळतो. तेव्हा वय लहान म्हणून डॉक्टरांनी तपासणी टाळली, तर ती मागून करून घ्यावी.