पोहत्या माशाचा भाव

आपण बाजारात कल्ले उघडून मासा पारखतो. हाँगकाँगचे शौकीन गिऱ्हाईक उपाहारगृहातल्या काचेच्या हौदात पोहणाऱ्या माशाकडे बोट दाखविते, आणि घटकाभरात तोच मासा वाफवून पुढ्यात येतो! मेलेल्या माशाच्या कित्येक पट भाव त्याला मिळतो.

यांतले पुष्कळ मासे फिलिपाईन्समधील पालावानच्या पोवळ्यांच्या खडकांतले. आपल्या हेकरूचेच भाऊबंद. कोळी व्यापाऱ्याकडून उचल घेऊन होडी काढतो. कोणी बंदी मोडून कपारीत सायनाइड फवारतो. मासा गुंगून हाती लागतो, पोवळी मात्र मरतात.

पण नुसत्या गळानेही नाश होतोच. गिऱ्हाइकाला ताटात मावेल एवढाच, किलोच्या आतबाहेरचा मासा हवा. मग पुष्कळ मासे अंडी घालण्याआधीच उचलले जातात. नेपोलियन मासा तर पाच-सात वर्षांनी वयात येतो. त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर 2004 साली ‘साइटीस’ कराराने निर्बंध घातले.

एरवी माल महागला की गिऱ्हाईक हटते. इथे उलटेच! मासा दुर्मीळ झाला की मेजवानीत त्याची प्रतिष्ठा वाढते. साहजिकच उरलेल्यांसाठी होड्या आणखी दूर जातात, आणि त्या जादा तेलाचे पैसेही व्यापाऱ्याच्याच वहीत कोळ्याच्या नावे मांडले जातात.