आवाज बसला? आधी वायर तपासा!

गणपती तोंडावर आले की घरोघरी होम थिएटरची झटकाझटकी सुरू होते. आवाज खरखरला की बोल स्पीकरला लागतो. दोष मात्र जोडणीतही असू शकतो.

खरखर कशामुळे?
डोळखांबसारख्या डोंगराकडच्या गावांत पावसाळा दमट. वायरच्या उघड्या टोकाचे तांबे काळवंडते, संपर्क ढिला पडतो, आवाज तुटतो.

वायर किती जाड?
स्पीकर १० मीटरवर असेल तर वीज जाऊन-येऊन २० मीटर फिरते. ०.५ चौरस मिमी तांब्याच्या वायरचा रोध तेवढ्यात सुमारे ०.७ ओहम. स्पीकर ४ ओहमचा असल्यास जवळपास १५ टक्के शक्ती वायरमध्येच जिरते. १.५ चौरस मिमी वायरमध्ये हीच घट ५-६ टक्के. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची वायर स्वस्त, पण रोध जास्त.

काय कराल?
- आधी ॲम्प्लिफायरचा प्लग काढा.
- काळवंडलेले टोक कापा, वायर नव्याने सोला, तारा पिळून घट्ट बसवा.
- एखादी तार शेजारच्या टोकाला टेकली तर शॉर्ट होऊन ॲम्प्लिफायर जळू शकतो.
- लाल-काळी टोके दोन्ही स्पीकरना सारखीच जोडा. एकाला उलटी लागली तर बेस गायब होतो.

महागडी केबल हवी का?
नाही. घरासाठी पुरेशा जाडीची साधी तांब्याची वायर पुरते.